कंदील गेटवर राहिला

न्हावऱ्याचा जालिंदर आडांचा गाळ काढायचा. उतरण्याआधी तो दोरीला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडी. कंदील विझला की त्या दिवशी काम बंद. चाळीस वर्षांत त्यानं एकही माणूस गमावला नव्हता. मी पुढच्या प्रसंगाला हजर नव्हतो. त्यानं सांगितलं तसं लिहितो, कमीजास्त असेल ते माझं.

दौंड रस्त्याला नवा कारखाना आला. तिथं सडका कांदा आणि डेअरीतलं पनीरचं पाणी टाकीत कालवून त्यात सूक्ष्म जंतू सोडत. ते खाऊन लठ्ठ झाले की त्यांच्या अंगातल्या चरबीचं तेल काढत. टाकीच्या तळाचा साका खरवडायला जालिंदर आणि त्याच्या बहिणीचा नवरा संपत गेले.

गेटवर कंदील काढून घेतला.

"हितं काडीबी पेटवायची न्हाई, आबा," सुपरवायझर पृथ्वीराज म्हणाला. "तेल काढायचं रसायन पेट्रोलवानी पेटतं."

"मग आतली हवा कशी बघायची?"

"मीटर दुरुस्तीला गेलाय. टाकी कालच रिकामी केली. वास घ्या, निस्ता ताकाचा."

"मारणाऱ्या हवेला वास नसतो, साहेब. साका अजून फसफसतोय. मीटर आला की बोलवा."

संपत हसला. "मेव्हणं कंदिलाबिगर भ्यालं! आवं, टाकी हाय ही, भुताचा आड न्हाई."

तो ऐकेना, तेव्हा जालिंदरनं त्याच्या कमरेला दोर बांधला. वरून हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची, ही त्यांची रीत.

"दाजी!"

"ओ! बेसनात उभा हाय जणू!"

दुसरी ओ जड आली. तिसरी आलीच नाही. जालिंदरनं दोर ओढला. तो हलकाच वर आला. पायात येतो म्हणून संपतनं तो सोडला होता.

पृथ्वीराज शिडीकडे धावला. जालिंदरनं त्याला ढकललं आणि टाकीच्या तोंडावर आडवा बसला. मागून उतरणाराही वर येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"पंखा आणा! हवा घाला आत!"

"सरक म्हाताऱ्या, माणूस मरतोय!" कामगारांनी त्याचे हात पिरगाळले. तो हलला नाही. अग्निशमनवाले यायला पाऊण तास लागला. तोवर संपत संपला होता.

दहाव्याला बहीण बानूबाईनं विचारलं, "दादा, एकदा तरी उतरावं वाटलं का रं?"

"न्हाई," जालिंदर खरं बोलला.

त्यानं आणलेली दुखवट्याची साडी तिनं पायानं मागं सरकवली.