चरकावरची आत्या

माझी आत्या बहिरी होत चालली होती, आणि हे स्टेशनात कुणालाही ठाऊक नव्हतं. घरात आम्हा तिघांना ठाऊक होतं: आईला, बाबांना आणि मला. तिची नोकरी अशी होती, की तिला घंटा कळली नाही तर माणसं चिरडली जातील. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातून झालं.

स्टेशनात शिरायला तेव्हा विजेची फिरती दारं नवीन बसली होती. छातीएवढी लोखंडी पेटी, तिच्या फटीत नाणं टाकायचं. नाणं पडलं की आत विजेनं अडसर उचलला जायचा आणि तीन दांड्यांचं चक्र एका माणसापुरतं फिरायचं. माणूस आत गेला की अडसर पुन्हा खाली. त्याच वाटेनं परत यायची सोय नव्हती, बाहेर पडायचा जिना फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला चरक म्हणत, कारण पिळून घेतल्याशिवाय तो कुणाला सोडायचा नाही. मग आत्या आपोआप चरकवाल्या बाई झाली.

तीन चरक होते आणि त्यांतल्या एकाला लागून तिची काचेची चौकी. वाकडं नाणं अडकलं तर सोडवायचं, गाठोडं दांड्यात गुंतलं तर उचलून धरायचं, फुकट्यांना दरडावायचं. जीभ अशी धारदार, की वयानं मोठे लोकही खिसे आधीच चाचपून रांगेत लागत. "तुम्ही लग्न का नाही केलंत?" असं आईनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "दिवसभर माणसं आत सोडतेच आहे, घरी गेल्यावर आणखी एक कशाला?" आम्ही हसलो, पण खरं कारण बाबा होते. आईवडील लवकर गेले तेव्हा बाबा अजून दप्तर घेऊन शाळेत जात होते. आत्यानं त्यांना वाढवलं, वायरमनचं काम शिकायला पाठवलं आणि शेवटी स्टेशनच्याच कारखान्यात चिकटवलं. आम्ही राहत होतो ती खोलीसुद्धा रेल्वेनं तिला दिलेली. बाबा तिला ताई म्हणायचे आणि ती त्यांना, ते पन्नाशीला आले तरी, बंड्या.

तिचं खरं काम मात्र घंटेचं होतं. फलाट भरत आला की फलाटावरचा मुकादम खांबावरचं बटण दाबायचा, आत्याच्या चौकीत घंटा वाजायची आणि आत्या आपल्यासमोरचं लाल बटण दाबून चरक बंद करायची. मग कितीही नाणी टाका, दांडा हलायचा नाही. लोक शिव्या घालायचे, आत्या शांतपणे वाती वळत बसल्यासारखी बसायची. फलाट अरुंद होता. घंटा आणि लाल बटण, एवढंच काय ते माणसांच्या आणि रुळांच्या मध्ये होतं.

आणि तिला घंटा ऐकू येईनाशी झाली.

आधी तिनं ते हसण्यावारी नेलं. मग एका संध्याकाळी घंटा वाजत राहिली, ती बसून राहिली आणि मुकादम धापा टाकत चौकीपाशी आला तेव्हा कुठे तिनं बटण दाबलं. "डोळा लागला होता," असं तिनं त्याला सांगितलं. त्याला ते खरं वाटलं. घरी येऊन मात्र ती जेवली नाही. "बंड्या, उद्या जाऊन सांगते, मला काढा म्हणून," ती म्हणाली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोली जाईल ही भीती होतीच, पण मला वाटतं त्यांना दुसरीच धास्ती जास्त होती. चौकीतून उठवलेली आत्या घरात बसून झुरेल, हे त्यांना सोसवणार नव्हतं.

"दोन दिवस थांब ताई," ते तिच्यासमोर बसून, तिला ओठ दिसतील असं म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी तिला सांगितलं, चौकीतून हात बाहेर काढून शेजारच्या चरकाच्या पेटीवर तळवा ठेवून बस, घंटा वाजली की लोखंडाला कळतं. तिनं करून पाहिलं आणि खरंच, घंटा वाजली की पेटी तळव्याखाली थरथरायची. आत्या लहान मुलीसारखी खूश झाली. घरी येऊन आम्हाला सांगायला लागली, "लोखंडाला कान असतात गं! इतकी वर्षं बसले तिथं, कुणी सांगितलं नाही."

लोखंडाला कान नव्हते. बाबांनी घंटेच्या तारेला एक बारीक तार जोडून ती पेटीतल्या, अडसर उचलणाऱ्या विजेच्या चुंबकापर्यंत नेली होती. घंटा वाजली की चुंबक गुरगुरायचं, पेटी थरथरायची. ताईला यातलं काही सांगितलं नाही, कारण सरकारी पेटीला हात लावलेला तिनं एक क्षण खपवून घेतला नसता. आम्हाला मात्र त्यांनी जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं. आई ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही." बाबा म्हणाले, तुला विजेतलं काय कळतं. तिला खरंच काही कळत नव्हतं, पण तेव्हापासून मलाही ते बरं वाटेना. त्या स्टेशनातून मी रोज दवाखान्यात कामाला जायची, आणि त्या चरकातून जाताना उगाच अंग चोरून जायची.

बरेच महिने काही झालं नाही. मुकादम घंटा क्षणभरच द्यायचा, आत्या लगेच बटण दाबायची, सगळं नीट. आत्याचा जुना तोरा परत आला. बाबा तर तिच्याकडं बघून सुखानं मान डोलवायचे.

मग त्या दिवशी पाठोपाठ दोन गाड्या आल्याच नाहीत. मी कामावर निघाले होते. रांग रस्त्यापर्यंत आलेली, माणसं चिडलेली, मागचे पुढच्यांना रेटत होते. आतला फलाट भिंतीपासून कडेपर्यंत भरलेला मला जाळीतून दिसत होता. घंटा वाजली. आत्याचा तळवा पेटीवर होता. तिनं लगेच लाल बटण दाबलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन चरक जागच्या जागी थांबले.

तिसरा, तिच्या हाताखालचा, फिरत राहिला.

नाणं न टाकताच फिरत होता. पुढच्या माणसाला ते आधी कळलं, मग मागच्याला, मग सगळी रांग त्या एका वाटेवर तुटून पडली. आत्या बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. मग चौकीतून बाहेर आली आणि दोन्ही हात पसरून दांड्यासमोर उभी राहिली. "मागं व्हा! जागा नाही आत!" ती ओरडत होती. तिला बाजूला ढकललं. आणि घंटा थांबेना. मुकादमाला दिसत होतं की माणसं येतच आहेत, म्हणून तो बिचारा जीव खाऊन बटण दाबून धरत होता. तो जितका वेळ दाबत होता तितका वेळ त्या जोडलेल्या तारेमुळं चुंबकानं अडसर वर धरून ठेवला होता. हे कळणारा अख्ख्या स्टेशनात एकच माणूस होता. न थांबणारी घंटा कारखान्यात ऐकून बाबा आतल्या दारानं धावत सुटले.

"बोट काढ! घंटा बंद कर!" ते गर्दीत बुडालेल्या मुकादमाला ओरडून सांगत होते. मुकादमाला वाटलं, वायरमनला वेड लागलं. बाबांनी त्याचा हात ओढून काढला तेव्हा चरक खटकन बंद झाला. तेवढ्यात तिसरी गाडी फलाटात शिरली होती. कडेची एक बाई खाली गेली. शिंपीण होती ती, आमच्याच गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवायची. जीव वाचला, उजवा पाय गेला. शिलाईयंत्र पायानं चालवायचं असतं, हे मला राहून राहून आठवत होतं.

चरक तपासायला वरिष्ठांनी पाठवलं कुणाला, तर बाबांनाच. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. ती तार त्यांनी काढून आणली होती. मी आणि आईनं ती त्यांच्या खिशात पाहिली.

"ताई," ते तिच्यासमोर बसले. "चौकशीत सांग, घंटा उशिरा वाजली."

"वेळेवर वाजली."

"मुकादमाचं चुकलं असं सांग. नाहीतर तुझ्यावर येईल."

"त्याच्या घरी लहान पोरं आहेत रे."

"आपल्या घरी कोण आहे, दगड?" बाबा एवढ्यानं ओरडले, की तिला ते ऐकूही आलं असेल. बाबांवर मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते, आणि इतकी कीवही मला त्यांची कधी आली नव्हती.

चौकशी चरकापाशीच झाली. गाड्या नसण्याची दुपारची वेळ होती. मोठे साहेब, मुकादम, हत्यारांची पिशवी धरून बाबा, आणि रांगेत होते म्हणून साक्षीला मी. पेटी उघडून पाहिली. आत सगळं जागच्या जागी होतं. साहेब मुकादमाकडं वळून म्हणाले, "म्हणजे तू घंटा वेळेवर दिली नाहीस." मुकादम रडायच्या बेतात आला.

आत्या साहेबांचे ओठ निरखून बघत होती. "त्यानं वेळेवर दिली," ती म्हणाली. "मी बटणही लगेच दाबलं. तरी दांडा फिरत राहिला."

"घंटा वेळेवर वाजली हे तुम्हाला कसं ठाऊक? ऐकलीत?"

आत्यानं पदर सारखा केला. "ऐकली नाही, साहेब. मला ऐकू येत नाही. हाताला कळली."

तिनं न विचारता सगळं सांगून टाकलं, पेटी कशी थरथरते, लोखंडाला कसं कळतं. नोकरी गेली, खोली गेली, हे तिला बोलताना पुरतं ठाऊक होतं. "बघा की लावून," ती म्हणाली, पुढं झाली आणि पेटीवर तळवा ठेवला. तिची पाठ आमच्याकडं होती. साहेबांनी मुकादमाला हातानं खूण केली. तो फलाटावर गेला.

घंटा वाजायला लागली. रिकाम्या स्टेशनात ती कानठळ्या बसवणारी होती.

आत्या थोडी वाकली. दुसराही तळवा पेटीवर ठेवला. "वाजवा ना," ती म्हणाली.

घंटा वाजतच होती. साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी बाबांकडं बघत होते. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. खिशातून ती तार काढून त्यांनी साहेबांसमोर धरली आणि बोलायला लागले, की ही मी लावली होती, मीच काढली, माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नाही. ते मोठमोठ्यानं, घंटेच्याही वर बोलत होते आणि रडत होते.

तिला त्यातलं काहीच कळलं नाही. ती आमच्याकडं पाठ करून, दोन्ही तळवे पेटीवर दाबून उभी होती.

"बंड्या," ती वळून न बघता म्हणाली, "त्याला सांग रे, जरा जोरात दाब म्हणावं."