चिकटपट्टीचे चार तुकडे

आमच्या रुग्णालयात जंतुसंसर्गावर नजर ठेवायचं काम शर्मिलाताईंकडे आहे. मूळच्या नर्स. वाघोलीहून स्कूटरवर येतात आणि आल्या आल्या प्रश्न सुरू करतात. मी लॅबमध्ये असते. कुणाच्या रक्तात औषधांना दाद न देणारा स्टॅफ जंतू सापडला की पहिला फोन त्यांना करायचा. "सुई कुठल्या हाताला होती? कुणी लावली? कधी बदलली?" अहो, मी जंतू वाढवते, कुंडली नाही मांडत!

मार्चमध्ये आयसीयूतल्या चार पेशंटच्या रक्तात तो निघाला. एक दगावला. मोठ्या साहेबांनी लगेच निकाल दिला: मैनामावशींचे हात. मावशी तिथल्या सफाई कामगार, त्यातून कंत्राटी. खापर फोडायला गरिबाचं डोकं बरं सापडतं! सोमवारी त्यांना कामावरून काढायचं ठरलं.

"पण मावशी सुईला हातच लावत नाहीत. मग जंतू तिथवर गेला कसा?" असं म्हणून ताई आयसीयूत स्टूल टाकून बसल्या. दोन दिवस नुसत्या बघत होत्या. शुक्रवारी मला बोलावून घेतलं. सिस्टर तनुजा सलाइन लावत होती. तिनं आधी चिकटपट्टीचे चार तुकडे फाडून कॉटच्या कठड्याला चिकटवले, सुई टोचली आणि तेच तुकडे काढून सुईवर लावले. पट्टीचं रीळ परत खिशात, पुढच्या पेशंटसाठी.

"तुकडे आधीच का गं काढून ठेवतेस?" मी विचारलं.

"आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. ताईंनीच तर शिकवलंय आम्हाला."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. तरी कठड्याचे आणि रिळाचे नमुने त्यांनी स्वतःच घेतले. रविवारी निकाल आला. दोन्हींवर तोच जंतू होता.

सोमवारी मीटिंगमध्ये मावशी दाराशी उभ्या होत्या. ताई म्हणाल्या, "ही सवय मी लावली, बारा वर्षांपूर्वी. अहवालात तसं माझ्या नावानिशी लिहिलंय."

"नावाची काय गरज आहे?" साहेब म्हणाले.

"मावशींचं घेताना होती ना?"

साहेबांनी अहवाल पुढे ओढून सही केली. मावशींची नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर ताईंनी मावशींचे हात धरले. "चुकलं माझं, मावशी." आणि बघतात तर काय, तळव्यांची सालटी निघालेली.

"आठवडाभर घासतेय, ताई," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याच हातानं तो माणूस गेला."