मागच्या हंगामाची यादी

आगरदांड्याकडचं ते प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो आणि माझी खात्री फार लवकर पटत असे.

पहाटे एक मच्छीमार होडी परतली. पाठोपाठ एक म्हातारे गृहस्थ ठाण्यात आले. "माजा पोरगा त्याच होडीवर व्हता, साहेब. मालक म्हनतो, न्हाय व्हता. मंग दर्यात सोधायचा कोनाला?"

होडीवरचे बाकीचे खलाशी मालकाच्या घरचेच. सगळ्यांचा जबाब एकसारखा. मी शोधाला होडी पाठवली आणि मच्छीमार संस्थेकडून त्या होडीच्या खलाशांची यादी मागवली. सकाळी नऊला छापील कागद आला, त्यात मुलाचं नाव नव्हतं. मी शोध थांबवला.

दुपारी खबऱ्याचा फोन आला, की नाव यादीत होतं, संस्थेच्या कारकून बाईंनी उडवलं. बाई चौलच्या, बागायतदार घरातल्या, निवृत्तीला आलेल्या. चार वाजता मी पंच घेऊन संस्थेत गेलो.

जेटीवरच्या जुन्या यंत्रावर यादी डिस्कवर भरली जाई. संस्थेच्या नव्या संगणकाला ती डिस्क परकी, म्हणून बाई आज्ञा टाइप करून ती वाचत. सकाळी केलं तेच करा, म्हटलं. त्यांनी केलं, आणि यादीत मुलाचं नाव आलं.

"सकाळी नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "होतं तेच मी छापलं."

शोध पुन्हा सुरू करायचं सोडून मी चार तास त्यांना फैलावर घेतलं. नाव का काढलं, कुणाच्या सांगण्यावरून काढलं? त्या रडल्या नाहीत, म्हणून माझा संशय वाढला.

आमच्या हवालदारांना पंचनाम्यात दिसेल ते सगळं लिहायची खोड होती. मी त्यावरून त्यांची टिंगल करत असे. यादी दिसण्याआधी पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली होती, की एक फाइल जुनी झाली, काढून टाकली. त्यांनी ती अक्षर न् अक्षर उतरवली होती. अलिबागच्या सायबर शाखेतल्या मुलीने ती वाचून फोन केला.

"सर, डिस्कवर आपण ज्या फोल्डरमध्ये शिरतो, ते ही आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवते. पडद्यावर दिसत नाही. सहा तासांनी विसरते, मग डिस्कच्या मुख्य फोल्डरमधली यंदाची यादी दाखवते. बाई सकाळी दुसऱ्या फोल्डरमध्ये होत्या का, विचारा."

होत्या. कुणाला दाखला हवा होता म्हणून आठ वाजता मागच्या हंगामाच्या फोल्डरमध्ये गेल्या होत्या. तिथेही होडीच्या नंबराची तशीच फाइल. मुलगा यंदाच लागलेला, बाकी माणसं जुनीच, त्यामुळे त्यांना फरक कळला नाही. पंचांसमोर त्या फोल्डरची यादी छापली. सकाळचाच कागद निघाला.

यंदाची यादी होडी निघायच्या आदल्या दिवशी मालकाने स्वतः भरून दिली होती. ती समोर ठेवल्यावर त्याने कबूल केलं. मुलगा जाळं ओढताना पडला होता, आणि हे मागे न वळता आले होते. शोध पुन्हा सुरू केला. मधला अख्खा दिवस माझ्यामुळे वाया गेला होता. मुलगा सापडला नाही.

वडील संस्थेत आले, नाव दाखवा म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं. बाईंनी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "साहेब, नाव का काढलं हे तुम्ही चार तास विचारलंत. काढलं का, हे एकदाही नाही."