दर शुक्रवारची माफी

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. नावं कुणाचीच सांगत नाही, कारण वसईकडची ती दोन्ही घरं आजही शेजारी-शेजारी आहेत.

नव्वदच्या दशकात वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं, कोयते निघाले आणि एक जण जागीच गेला. फिर्याद मयताच्या धाकट्या भावानं दिली. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार तोच एकटा. शेजारचा आरोपी आखातात पळाला आणि आमच्या फरारी यादीत त्याचं नाव धूळ खात पडलं.

दोन हजार साल उलटल्यावर एके सकाळी ठाणे अंमलदारानं मला फोनवर बोलावलं. आरोपी शारजात आहे, रोल्ला भागात, असं पलीकडचा माणूस सांगत होता. बिल्डिंग, मजला, ड्यूटीची वेळ, सगळं त्याला पाठ. खबर देणारा आधी विचारतो, "माझं नाव कुठं येणार नाही ना?" यानं विचारलं, "साहेब, कधी येताय?" ते मला खटकलं.

कागद दिल्लीमार्गे फिरले. शारजा पोलिसांनी त्याला धरलं आणि ताब्यात घ्यायला एका हवालदाराला घेऊन मी गेलो. तिथं आमचा अधिकार शून्य. पण तिथला अधिकारी दिलदार निघाला. "यल्ला, चाय पियो, बात करो," म्हणत त्यानं आम्हाला खोली दिली.

आरोपी एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. मी सरळच विचारलं, "फोन तूच केलास ना?"

"हो, साहेब. मयताचा धाकटा भाऊ पण इथंच शारजात असतो, एका ऑफिसात कामाला. दोन वर्षांमागे चर्चमध्ये समोर आला. मला वाटलं, खलास. तर त्यानं मिठी मारली. माफ केलं म्हणाला."

"मग बरंच झालं की!"

"कसलं बरं? दर शुक्रवारी त्याच्या फ्लॅटवर प्रेअर असते. मला उभा करतो आणि सांगतो, ह्यानं माझा भाऊ मारला, तरी मी ह्याला माफ केलं. लोक टाळ्या वाजवतात. नवीन फॅमिली आली की परत पहिल्यापासून. त्यापेक्षा जेल परवडली. आणि साहेब, पहिला कोयता त्याच्या भावानं चालवला होता."

हे शेवटचं वाक्य प्रत्येक आरोपी म्हणतो. पण पकडून द्यायला स्वतःच फोन करणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो. संध्याकाळी फिर्यादीच्या घरी गेलो.

त्यानं आगतस्वागत केलं. "माझी काही कंप्लेंट नाही. मी कधीच फर्गिव्ह केलंय त्याला."

"खुनाचा खटला सरकार चालवतं. तुमच्या माफीनं तो मिटत नाही. पहिला वार कुणी केला, तेवढं सांगा. त्यावर त्याची जन्मठेप अवलंबून आहे."

खोटं बोलणारा पटकन उत्तर देतो. यानं माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली. मग मी त्याला फोन कुणी केला होता ते सांगितलं. तो उसळलाच. "मी रोज गुडघे टेकतो त्याच्यासाठी! नमकहराम!" बायको आतून येऊन दारात उभी राहिली. तिच्याकडे न बघता तो हळू म्हणाला, "माझ्या भावानं. पहिला वार त्यानंच केला."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मग माफ काय केलं असतं, साहेब? इथं मला जो मान आहे, तो त्या एकाच गोष्टीचा."

मला त्याचा संताप आला, आणि दयाही. इथं लिहून घेऊन उपयोग नाही, कोर्टात येऊन बोला, एवढं सांगून मी उठलो. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

तो आला. आई समोर बसलेली असताना त्यानं खरं सांगितलं. आधीच्या जबाबात हे का नाही, म्हणून सरकारी वकिलांनी त्याला चांगलंच धारेवर धरलं, पण तो हलला नाही. आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला.

बाहेर व्हरांड्यात फिर्यादी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. शारजात भरल्या खोलीत बोलणारा तो माणूस इथं "मला माफ कर," एवढंच कसंबसं म्हणाला.

आरोपीनं त्याच्याकडे पाहिलं. "वेळ लागेल," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तेव्हापासून कुणी मला अभिमानानं सांगितलं की मी अमक्याला माफ केलं, तर मी त्या अमक्याचा पत्ता विचारतो. दुसऱ्या बाजूचा जबाब घेतल्याशिवाय माफीची केस बंद करू नये.