हे मी न्हाई बोलणार

हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मी म्हणाले, "हे मी न्हाई बोलणार."

म्हणायचं होतं ‘नाही’. वीस वर्षं माइकसमोर मी ‘नाही’च म्हणत आले. पण राग आला की माझी जीभ गावाकडं पळते.

माझं काम आवाजाचं आहे. बँकेला फोन लावला की ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारी बाई, शाळेच्या टॅबमध्ये धडा वाचून दाखवणारी बाई, देवस्थानाचा इतिहास सांगणारी बाई, यातल्या बऱ्याच बाया म्हणजे मीच. जालन्यात राहून हे काम होतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. घरातल्या मागच्या खोलीच्या भिंतींना मी गाद्या ठोकल्यात. मे महिन्यात पंखा बंद करून आत बसते आणि घामानं निथळत असं बोलते, की ऐकणाऱ्याला वाटावं बाई गार हवेत बसलीय.

मूळची मी जाफराबादकडची, धनगराच्या घरातली. वडील मेंढरं राखायचे. त्यांना जेवायला हाक मारायची तर आवाज तीन शेतं ओलांडून जावा लागायचा. माझा गळा तिथं तयार झाला, हे मला फार उशिरा कळलं. कॉलेज संपल्यावर रेडिओवर निवेदिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली, तेव्हा तर त्या गळ्याची लाजच वाटली. समोर तिघं बसले होते. एकानं विचारलं, "सध्या काय करता?" मी म्हणाले, "टायपिंगचा क्लास करून राह्यले." तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "करून राहिलात कुठं?" असं म्हणाला आणि बाकीचे दोघं खाली कागदाकडं बघू लागले.

त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. आरशासमोर बसून न आणि ण, ल आणि ळ. ‘मंग’चं ‘मग’, ‘गेल्ते’चं ‘गेले होते’. दोन वर्षांनी मी इतकी साफ बोलायला लागले, की सुट्टीला घरी गेले तेव्हा आई चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "काहून गं, पाहुनी आल्यावानी बोलून राह्यली?"

पुढं कामं मिळत गेली. सांगायचा मुद्दा एवढाच, की मला जी भाषा पुसायला लावली तिच्या जागी, वीसेक वर्षांनी, भलतीच भाषा लावायला लोक आले.

पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीचा फोन आला. शेतमालाचे भाव मोबाइलवर दाखवणारं एक ॲप होतं. जाहिरात रेडिओवर आणि भोंगे लावलेल्या जीपवर वाजणार होती, आणि तीही आमच्याच भागात. म्हणून त्यांना ‘मराठवाड्याचा आवाज’ हवा होता. मला आनंद झाला. घरच्या खोलीत नको, चांगल्या स्टुडिओत करा असं त्यांनी सांगितलं. जालन्यात एक स्टुडिओ आहे. केदारखेड्याकडचे एक वयस्कर गृहस्थ तो चालवतात, भजनं आणि लग्नाची गाणी ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्याकडं वेळ ठरली. दिग्दर्शक पुण्याहून फोनवर ऐकणार होता. स्क्रिप्ट आदल्या दिवशी मागितली, तर ती ध्वनिमुद्रणाच्या पंधरा मिनिटं आधी आली.

स्क्रिप्टमध्ये एक नवरा होता, शहाणा. एक बायको होती, तिला काहीच कळत नव्हतं. माझ्या वाट्याला बायको. पहिलंच वाक्य: "अगं बया, ह्यो कंचा चमत्कार म्हनायचा!"

मी फोनवर म्हणाले, "सर, आमच्याकडं कुणी ‘ह्यो कंचा’ म्हणत नाही."

"मॅम, ते फ्लेवरसाठी आहे."

"बाई आमच्याकडची असेल तर ती म्हणेल, ‘हे काय होऊन राह्यलं वं माय?’ तसं करू का?"

तो म्हणाला, "नको. ते लोकांना ग्रामीण वाटणार नाही."

"कुठल्या लोकांना?"

"ऐकणाऱ्यांना."

"ऐकणारे जाफराबाद, भोकरदन, परतूरचे आहेत ना? त्यांना अजून काय ग्रामीण वाटायचंय?"

यावर तो नुसता हसला आणि टेक घ्यायला लागला. मी दिले. आवाजाच्या धंद्यात एक रीत आहे: तुमच्या मनासारखा एक टेक मी देते, मग माझ्या मनासारखा एक तुम्ही ऐकून घ्या. माझा कुणी ऐकला नाही. त्याच्या मनासारखे मात्र अकरा झाले. दरवेळी तेच, "अजून थोडं गावरान." ती बाई काय वयाची, तिच्या घरात किती माणसं, तिनं बाजार कधी बघितलाय का, ती नवऱ्यावर चिडलीय की खूश आहे, यातलं त्याला काही सांगता आलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अहो, साधी गावातली बाई आहे."

अकराव्यानंतर तो म्हणाला, "आता एक काम करा. थोडं येडपट करा तिला. ऐकून हसू आलं पाहिजे."

तेव्हा मी हेडफोन काढला.

काचेपलीकडून स्टुडिओवाले काका बघत होते. त्यांनी माझं ‘न्हाई’ ऐकलं आणि बटण दाबून हळूच म्हणाले, "ताई, चहा सांगू का?" मी ‘नको’ म्हणून मान हलवली. फोनवरून दिग्दर्शकाचा आवाज आला, "मॅम, तुम्ही प्रोफेशनल आहात ना?"

"आहे. म्हणूनच सांगते. मी रडकी बाई करते, भांडखोर करते, लबाड करते. येडपट बाईही करते, पण ती येडपट काहून आहे ते लिहिलेलं पाहिजे. गावात राहते म्हणून येडपट, ही बाई मी करणार न्हाई. ज्यांना ॲप विकायचंय त्यांच्याच आयांची टिंगल कशाला करता?"

"दुसरे आवाज आहेत आमच्याकडे."

"असतीलच. घ्या की."

पर्स उचलली आणि बाहेर आले. स्टेशन रोडपर्यंत तडक चालत गेले.

मग व्हायचं ते झालं. ‘ती बाई भांडकुदळ आहे’ असा निरोप पुण्यात फिरला. ओळखीच्या एका निर्मात्यानं तर मला फोन करून समजावलं, एवढं मनाला लावून घेऊ नये, आवाज भाड्यानं देतो आपण, इज्जत नाही. चारपाच महिने तिकडून एकही काम आलं नाही. मी मात्र माफीचा फोन केला नाही. दोनदा मोबाइल हातात घेतला होता, आणि दोनदा ठेवून दिला.

ती जाहिरात मी नंतर ऐकली. जाफराबादच्या बसस्टँडवर मी आईसाठी औषधं घेऊन काळीपिवळीत बसले होते, जीप भरायची वाट बघत. भोंग्याची गाडी आली आणि जाहिरात वाजली; कुणीतरी ती बाई केली होती, छान येडपट. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या शेजारी दोघी बाया होत्या, कापूस वेचून निघालेल्या, डोक्याला अजून फडकी बांधलेली. मला वाटलं, त्या चिडतील, काहीतरी बोलतील. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. एक म्हणाली, "हे कुठलं बोलनं आहे, नाटकातलं?" दुसरी म्हणाली, "आसंल," आणि दोघी परत आपल्या बोलण्यात गुंतल्या. ॲप पुढं चाललं म्हणतात. चालू द्या. ते पडावं म्हणून काही मी उठून गेले नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर एक डॉक्टरीण बाई माझ्या घरी आल्या. जाफराबाद तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या, पस्तिशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. स्टुडिओवाल्या काकांनी त्यांना पत्ता दिला होता. "काका म्हणाले, एक ताई आहेत, पण त्या भांडतात," असं त्यांनी दारातच सांगितलं. मी म्हणाले, "या, बसा."

त्यांना साप चावल्यावर काय करायचं याचा एक मिनिटाचा निरोप हवा होता, गावोगावच्या फोनवर पाठवायला. स्क्रिप्ट त्यांनी स्वतः लिहिली होती: ‘सर्पदंश झाल्यास रुग्णास तात्काळ नजीकच्या आरोग्य केंद्रात दाखल करावे.’

मी विचारलं, "मॅडम, हे मी कुणाशी बोलायचंय?"

माझी खात्री होती, त्या म्हणणार, ‘जनतेशी’. पण त्या म्हणाल्या, "एक बाई आहे. निंदायला गेल्यात सगळ्या. तिच्या जावेच्या पायाला साप चावला. सासरा म्हणतो, आधी देवळात नेऊ. हिला वाटतं दवाखान्यात न्यावं, पण हिचं कोण ऐकणार? तिच्याशी बोला. तिला धीरही द्या आणि घाईही करायला लावा."

वीस वर्षांत इतकं नीट काम मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी उठून गाद्यांच्या खोलीचं दार उघडलं.

आम्ही दोघींनी ती स्क्रिप्ट मोडली. त्या सांगायच्या काय चुकता कामा नये, मी सांगायचे ते आमच्याकडं कसं बोलतात. अडलं की मी आईला फोन लावायचे. ‘देवळात नेऊ नका’ या वाक्यावर आम्ही अडलो. ते म्हटलं की सासरा फोन बंद करणार, हे डॉक्टरीण बाईंनाही माहीत होतं. आईला विचारलं. ती पलीकडून म्हणाली, "नेऊ नका काहून म्हनता? मंग जा म्हनावं. देव थांबतो, इख थांबत न्हाई."

‘इख’ म्हणजे विष, हे डॉक्टरीण बाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शेवटी निरोप असा झाला: "बाई, घाबरू नको. साप चावला म्हंजी मानूस गेलंच असं न्हाई. पन बसून बी राहू नको. तिचा पाय हलू देऊ नको. दोरी बांधू नको, ब्लेड लावू नको, तोंडानं चोखू नको. बांगड्या, जोडवे काढून घे. आन् मिळंल त्या गाडीत घालून जल्दी सरकारी दवाखान्यात ने. देवाला मंग जा. देव थांबतो, इख थांबत न्हाई." तीन टेकमध्ये झालं. तिसरा मी घाई कमी करून दिला, कारण डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "तुम्ही पळताय. तिला तुमच्या मागं यायचंय." त्यांचं बरोबर होतं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. वरच्या साहेबांनी निरोप परत पाठवला होता. शेरा होता: भाषा अशुद्ध, प्रमाण मराठीत पुन्हा करावे. "तुम्ही करून द्याल का पुन्हा?" त्यांनी विचारलं. आवाज पडलेला होता.

"देते," मी म्हणाले. "पण दोन्ही घेऊन जाऊ. मीही येते."

साहेबांच्या खोलीत आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी त्याच सूचनांचा शुद्ध मराठीतला निरोप ऐकला, मान डोलावली. मी म्हणाले, "साहेब, बाहेर व्हरांड्यात आशाताई बसल्यात, मीटिंगला आलेल्या. त्यांना ऐकवू?" त्यांना नाही म्हणता आलं नाही. बाहेर गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या दहाबारा आशाताई होत्या. आधी शुद्ध निरोप लावला आणि विचारलं, काय काय सांगितलं? ‘सर्पदंश’ सगळ्यांना आठवलं, ‘दवाखाना’ आठवला. बांधायचं की नाही यावर दोघींचं भांडण लागलं. मग आमचा लावला. ‘इख थांबत न्हाई’ला त्या हसल्या. विचारलं, तर एक वयस्कर ताई उभी राहून बोटांवर मोजत सगळं सांगून गेली, जोडव्यांसकट.

साहेब दारात उभे होते. चेहरा आंबलेला. म्हणाले, "मॅडम, उद्या वर्तमानपत्रात आलं, की सरकारी निरोपात असली भाषा, तर उत्तर कोण देणार?"

"मला बोलवा," मी म्हणाले. "माझीच भाषा आहे. एकदा एकजण हसला म्हणून मी ती दोन वर्षं घासून काढली. आता न्हाई काढणार."

डॉक्टरीण बाई पुढं झाल्या आणि मंजुरीचा कागद त्यांच्यासमोर धरला. साहेबांनी सही केली, रागानं केली, दोन्ही निरोप पाठवा अशी वर ओळ घालून केली. आम्ही दोन्ही पाठवले.

त्या पावसाळ्यात निरोपामुळं कुणी वाचलं का, मला माहीत नाही. डॉक्टरीण बाई म्हणतात, पायाला दोरी आवळून येणारी माणसं जरा कमी दिसली. त्या मोघम बोलत नाहीत, पण हेही त्या खात्रीनं म्हणत नाहीत.

सध्या आम्ही गरोदर बायांसाठी निरोप करतोय. त्यांना ‘भोवळ’ हवंय, मी म्हणते ‘चक्कर’. परवा दुपारी गाद्यांच्या खोलीत पंखा बंद करून आम्ही त्या एका शब्दावर तासभर भांडलो. घामानं दोघींच्या साड्या अंगाला चिकटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही खरंच फार भांडता." मी म्हणाले, "तुम्ही पण." मग त्यांनी कागदावर ‘चक्कर’ लिहिलं, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण हे मात्र मी बदलू देणार नाही." मी ती ओळ वाचली: ‘अंगावर रक्त गेलं तर घरच्यांना विचारत बसू नको, निघ.’ त्यांचं बरोबर होतं.