पेटी माझ्या खांद्यावर होती

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जन्मानं ख्रिस्ती आहे, रविवारची भक्ती चुकवत नाही, देवावर विश्वास आहे… पण कुणी चमत्काराची साक्ष द्यायला उभं राहिलं की मी घड्याळाकडं बघतो. बेळगावजवळ मच्छेच्या फौंड्रीत सुपरवायझर आहे. प्रत्येक बिघाडाला कारण असतं, ते शोधणं हेच आमचं काम. म्हणून हा अनुभव आजवर जाहीरपणे कुठंच सांगितला नाही. आज सांगतोय, कारण नुसतं बसवत नाहीये.

काही वर्षांपूर्वीचा पावसाळा. माझी आक्का, म्हणजे थोरली बहीण, जांबोटीच्या पुढं जंगलातल्या वाडीत राहते. मोठ्या आजारातून उठली होती, म्हणून तिच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. बेळगावहून आमची मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, टेम्पोनं सकाळीच गेली. मंडळीची बाजाची पेटी भाता फाटला म्हणून दुरुस्तीला टाकलेली. ती घेऊन मी मागून यायचं ठरलं.

जांबोटीला बसमधून उतरलो. पुढं जवळची पायवाट धरली. पेटी खताच्या पिशवीत गुंडाळून खांद्यावर घेतलेली. पाऊस, धुकं, पायाला जळवा… आणि ओढ्यापाशी मी वाट चुकलो. मोबाईलला रेंज नाही. बराच वेळ त्याच त्या झाडांतून फिरत होतो. भर दुपार होती, तरी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात गाणं ऐकू आलं. आमचंच गीत, आक्काच्या आवडीचं. बायका-पुरुष मिळून गात होते आणि खाली पेटीचा सूर… अगदी स्पष्ट. आधी हायसं वाटलं, मग डोकं फिरलं — दुसऱ्या कुणाची पेटी मागून आणायची होती, तर मला हे ओझं कशाला वाहायला लावलं? त्याच रागात आवाजाच्या मागं चालत राहिलो आणि थेट आक्काच्या परसात निघालो.

आत सगळे चटईवर गप्प बसलेले. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तुझ्यासाठीच थांबलोय, पेटीशिवाय सुरुवात कशी करणार. मला वाटलं, थट्टा करताहेत. मघाशी तर गात होता, असं म्हटल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. घरात दुसरी पेटी नव्हती. त्या वाडीत दुसरं ख्रिस्ती घरही नाही. मी पिशवी सोडून पेटी पुढं ठेवली.

प्रतिध्वनी, कुणाचा तरी रेडिओ, भीतीनं झालेला भास… सगळं लावून बघितलं. पण प्रतिध्वनी यायला आधी कुणीतरी गायला पाहिजे ना! आक्का दरवर्षी मागं लागायची, सभेत उभा राहून साक्ष दे म्हणून. मी टाळायचो. एकदा चारचौघांत सांगितलं की ते खरं मानावं लागणार, त्याचीच भीती.

आज सकाळी तिला बेळगावात ऑपरेशनला आत नेलं. तोच आजार उलटलाय. डॉक्टर खात्री देत नाहीत. नेण्याआधी तिनं माझा हात धरून तो दिवस पुन्हा सांगायला लावला. मी सगळं सांगितलं. मग राहवलं नाही, म्हणालो, "आक्का, मला प्रार्थना जमंना झालीय गं. शब्दच येईनात."

ती हसली. "तू वाट चुकलतास तवा आमी कुठं गात हुतो रं, सॅमू? तरी तुला ऐकू आलं न्हवं? मग तू गप बसलास तरी मला ऐकू यील."

दार बंद झालं. तेव्हापासून मी या कॉरिडॉरमध्ये उठतोय, बसतोय, फोनवर हे लिहितोय… त्या दिवशी कोण गात होतं, मला आजही माहीत नाही. कारण शोधणं मी आता सोडलंय. एकच मागणं आहे — जे कोण होते, त्यांनी आज आत, तिच्यासाठी गावं.