सगळ्यात खालची तारीख

रस्त्यांची कामं किती लांबली आणि किती महाग पडली, हे मोजायची माझी नोकरी. माझ्या आधीचे साहेब सुधारित मुदतीपासून मोजायचे, त्यामुळे कागदावर कुठलंच काम कधी रखडलं नाही. ते बघून माझं डोकंच फिरायचं. परळला एका खोदलेल्या रस्त्यावरच्या बोर्डवर मुदतीच्या जागी स्टिकरवर स्टिकर चिकटवले होते. मी भर रस्त्यात उभं राहून नखाने ते खरवडले आणि सगळ्यात खालची तारीख वहीत उतरवली. उशीर मोजायचा तो इथूनच, आणि खर्चही पहिल्या अंदाजापासूनच.

संध्याकाळी लालबागला घरी चहा पिताना मी हे बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या फुटक्या ओट्याकडे बोट दाखवलं.

"हा गणपतीच्या आधी नवा करून देणार होतास."

"अगं, गणपतीला अजून महिना आहे."

"पहिल्या मुदतीपासून मोज. तेव्हा आपली पोरगी रांगत होती."

दहावीचं पुस्तक घेऊन बसलेली पोरगी त्याच ओट्याला टेकून हसत होती. मीही हसलो, पण वही काही उघडली नाही.